भरल्या पेल्यावरून उठायची परवानगी

॥ श्री ॥
बनशंकरी, बेंगळूर
१९ नोव्हेंबर १९९५

ती. आप्पांस,
कस्तुरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. काकवीची बरणी घेऊन निघालेला माणूस मात्र अजून पोचलेला नाही. वाटेत कुठे तरी पोळ्या मागून घेऊन बसला असेल. इकडे आम्ही सगळे मजेत. सुशांतला कंपनीने नवा कॉम्प्युटर दिलाय, त्यामुळे तो घरच्यांशी बोलत नाही. तुमच्या नातवाचा, अद्वैतचा, पुढचा दात पडला आणि त्याने तो शेजारच्या अक्कांना कागदात गुंडाळून भेट दिला. अक्कांनी पेढा समजून घेतला. आता त्या आमच्याशी स्वल्प कमी बोलतात.

मुख्य बातमी अशी की आमच्या मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडम यांनी पहिलीच्या वर्गासाठी माझी ‘घरचा हात’ योजना एकदाची मान्य केली. प्रत्येक मुलाच्या घरातल्या एका मोठ्या माणसाने आठवड्यातून दोन तास शाळेत येऊन हाताला येईल ते काम करायचं. इंजिनिअर लोकांच्या घरांतून एकाने ड्रायव्हर पाठवला. दुसऱ्याने टाइप केलेलं पत्र पाठवलं की मी माझे सगळे तास एप्रिल-मे महिन्यात एकदम देईन. तेव्हा शाळेला सुट्टी असते. आणि तीन घरांतून नऊ माणसं आली.

ही तीन घरं तिबेटी निर्वासितांची. वडीलधारी माणसं डोंगर ओलांडून चालत आली, मग इकडच्या वसाहतीत राहिली, आता बेंगळुरात स्वेटर विकतात. थंडीत मुलांचे आईवडील गावोगाव विक्रीला जातात आणि पोरं आजीजवळ. आजीला त्यांच्यात मोमोला म्हणतात. मोमोला सत्तरीच्या आहेत, कानडी माझ्यापेक्षा बरं बोलतात. त्यांची नात यांगचेन माझ्या वर्गात आहे, सहा वर्षांची. मोमोलांना मी आठवड्याला दोन तास असं नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि तेव्हापासून रोज सकाळी पावणेआठला येतात त्या शेवटच्या घंटेपर्यंत. मी पुन्हा समजावायला गेले तर माझा गाल चापटला.

आता काळजीची गोष्ट. या तीन घरांतल्या तिन्ही मुलांची नावं आमच्या पटावर पेन्सिलीने लिहिलेली आहेत. वर्षाच्या मध्येच घेतली, जन्माचे दाखले नाहीत, आणि फॉर्मवर शेरा पडलाय की पालक फिरतीवर, घरी जबाबदार माणूस नाही. फेब्रुवारीत शिक्षण खात्याचे अधिकारी येणार. त्यांना पटलं तर नावं शाईची होतील, नाही तर खोडरबर. मग यांगचेनला वसाहतीतल्या वसतिगृहात धाडतील, बसने सहा तासांवर, आणि मोमोला इथे एकट्या. आप्पा, ते नाव खोडलं गेलं तर मी त्या म्हातारीला तोंड दाखवू शकणार नाही.

ती. आईस नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या, आणि बरणीचा तपास करा.

तुमची,
कस्तुरी


॥ श्री ॥
निपाणी
२८ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. कस्तुरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या आईने दाताच्या गोष्टीवर हसून हसून भाजी करपवली. करपलेली भाजी आम्ही खाल्ली, टाकली नाही.

मी एकतीस वर्षं शाळा चालवली. त्या काळात पालक फाटकाच्या आत दोनदा आले. एकदा झेंडावंदनाला आणि एकदा चुकलेला बैल शोधायला. दोन्ही वेळा अभ्यास बुडाला. पालक म्हणजे पाहुणा. फाटकाशी यावं, नमस्कार करावा, पोराचा कान मास्तरच्या हातात द्यावा आणि घरी जावं. तू नऊ माणसं आत घेतलीस! उद्या ती फळा पुसतील, परवा खडू उचलतील आणि तेरवा तुला म्हणतील की बाई, तुम्ही बसा.

दुसरं. पटावर पेन्सिल? पट म्हणजे काय वाण्याची यादी आहे? हातात खडू धरल्यापासून मी पटाला पेन्सिल लागू दिली नाही. तुमच्या मॅडमना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग.

त्या मुलीला पाढे कुठवर येतात ते कळव. सहज विचारलं.

रा. सुशांतरावांना आशीर्वाद, कॉम्प्युटरलाही. तब्येतीला जप आणि फाटक लावून घे.

तुझा,
आप्पा


॥ श्री ॥
बनशंकरी
१७ डिसेंबर १९९५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

यांगचेनला बेचा पाढा येतो, तोही कानडीत. फाटक मी लावलेलं नाही.

आप्पा, तुमच्या शिकवणीने मला ठार मारायचं ठरवलंय. ऐका. घरी जबाबदार माणूस आहे हे वहीत नोंदवायला मी शनिवारी मोमोलांच्या घरी गेले. एका बेकरीच्या मागे एक खोली, पण आरशासारखी लख्ख. आमच्याकडे ताकाला रवी, तसं त्यांच्याकडे लांबलचक लाकडी नळकांडं. त्यात चहा, लोणी आणि मीठ घुसळून तो थर्मासमध्ये भरतात. वाटीएवढा चिनी मातीचा पेला माझ्यापुढे आला. पहिला घोट घेतला. वरणात चुकून चहापूड पडली तर लागेल, तसं काही तरी लागलं. पण मी तुमची मुलगी. डोळे मिटून पेला संपवला.

खाली ठेवायच्या आत त्यांनी तो भरला. मी भराभर संपवला, म्हणजे विषय मिटेल. त्यांनी त्याहून भराभर भरला. मी साकु, साकु, म्हणजे पुरे, पुरे म्हणाले, त्या गोड हसल्या आणि भरला. मी पेल्यावर हात ठेवला, तर त्या थर्मास धरून हात निघायची वाट बघत बसल्या, आणि निघाल्यावर भरला. शेजारच्या दोन घरची माणसं दारात येऊन कौतुकाने बघायला लागली. नऊ पेले, आप्पा! थर्मास संपला म्हणून सुटले. घाईत शेजारच्या नामग्यालची चप्पल घालून आले, तीही दोन्ही डाव्या पायांची. त्यांच्या घरी एवढ्या चपला कशाला लागतात कोण जाणे.

सोमवारी यांगचेन एक थर्मास घेऊन शाळेत आली. मोमोलांना वाटतंय की टीचरच्या घरी चहा मिळत नाही. मग त्या चिमुरडीने मला सगळं समजावलं. त्यांच्यात पाहुण्याचा पेला रिकामा दिसला तर घराला कमीपणा. पाहुणा नको म्हणतो तो रीत म्हणून, ते मनावर घ्यायचं नाही. त्याने थोडं थोडं प्यावं आणि पेला भरलेला राहू द्यावा, निघतानासुद्धा. भरलेला पेला मागे राहिला म्हणजे गेलेलं माणूस परत येणार. तिचे आईवडील विक्रीला निघाले की दोघांचे भरलेले पेले घरात तसेच ठेवतात. संध्याकाळपर्यंत मी कुणालाच धुऊ देत नाही, असं तिने मला अगदी मोठ्या बाईसारखं सांगितलं.

ऐकून मला भरून आलं आणि घामही फुटला. कारण पुढच्या खेपेला भरलेला पेला समोर ठेवून मी उठायचा प्रयत्न केला, आणि कानात तुमचा आवाज आला की टाकायचं नाही. बसले आणि प्याले. म्हणून ही लेखी विनंती: पेल्यात चहा ठेवून उठायची मला परवानगी द्या. फक्त बेंगळूर शहराच्या हद्दीपुरती.

आईस नमस्कार. तुमच्या मायेचा पेला कधीच रिकामा होऊ नये, पण चहाच्या पेल्याचं काही तरी करा.

तुमची बिचारी,
कस्तुरी


॥ श्री ॥
निपाणी
२७ डिसेंबर १९९५

चि. सौ. कस्तुरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवानगी नाही.

भरल्या ताटावरून उठू नये हे मी शोधून काढलेलं नाही, पण पाळायला मी लावलं. वर्गात रोज दुपारच्या सुट्टीला माझं वाक्य सगळी पोरं एका सुरात म्हणत: टाकलेलं शीत उगवत नाही, नुसतं रडतं. हे वाक्य माझं स्वतःचं आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. तू सात वर्षांची असताना कारल्याच्या भाजीपुढे दिवेलागणीपर्यंत बसलीस. बसलीस, पण खाल्लीस. त्या वेळी तू मला काय म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे, इथे लिहीत नाही. आज तुला कारलं आवडतं की नाही? नसेल तर कळवू नकोस.

माझ्या हाताखाली शिकलेलं माणूस, मी जिवंत असेपर्यंत, भरलेला पेला ठेवून उठणार नाही. बेंगळूर शहराची हद्द वाढती आहे असं पेपरात येतं, म्हणून ती सवलतही नाही.

मुलगी हुशार दिसते. पेल्याचं कारण तिने नीट सांगितलं. पेन्सिलीचं काय झालं?

सर्वांना आशीर्वाद. पोट भरून जेवत जा आणि मन भरून लिहीत जा.

तुझा,
आप्पा

(कस्तुरे, हे गोंद शोधायला आत गेलेत तेवढ्यात लिहिते. मी रोज उरलेला अर्धा कप चहा तुळशीत ओतते, चाळीस वर्षं झाली. तुळस छान आहे. यांना सांगू नकोस. – आई)


॥ श्री ॥
बनशंकरी
२८ जानेवारी १९९६

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि. ती. आईस नमस्कार, आणि तुळशीलाही.

अधिकाऱ्यांची तारीख आली, चौदा फेब्रुवारी. नाव के. आर. चौगुले. बाकीच्या शाळांतल्या बायकांनी सांगितलं की हे साहेब भारी कडक. दहा मिनिटं उभे राहतात, कुठल्याच शाळेत पाण्याशिवाय काही घेत नाहीत, आणि पेन्सिलीची नावं दिसली की आपल्या बॅगेतून स्वतःचा खोडरबर काढतात. ते ऐकल्यापासून मला धड झोप नाही.

शाळेत सगळी तयारी चालू आहे, म्हणजे सगळा गोंधळ चालू आहे. नामग्यालला एक डुगडुगणारा बाक नीट करायला सांगितला होता. त्याने एक पाय जरा कापला. मग दुसरा मोठा झाला, म्हणून तो कापला. बाक सरळ झाला, पण बाकीच्यांपेक्षा बुटका, म्हणून न्याय करायला त्याने पहिलीचे सगळेच बाक कापले. आता आमचा वर्ग जवळजवळ जमिनीवर बसतो. यांगचेनची आई ल्हामो विक्रीहून परतली, ती आल्या दिवसापासून पोरांची नखं कापते. कुणाची राहिली नाहीत म्हणून परवा शिपायाची कापली. अद्वैत घरी कुणाचाही पेला दोन बोटं उतरला की तांब्या घेऊन धावतो. सुशांतच्या साहेबांनी आमच्याकडे सात पेले ताक प्यायलं आणि सुशांतला विचारलं की तुमच्याकडे काही व्रतबित मानता का तुम्ही?

मोमोलांनी साहेबांना चहा करायचं ठरवलंय. प्रियदर्शनी मॅडमनी त्यांना समोर बसवून निक्षून सांगितलं की चहा नाही, काही नाही, फक्त नमस्कार. मोमोलांनी मान डोलावली. मला ती मान माहीत आहे, आप्पा. दोन तासांना डोलावली होती तीच.

देवापुढे पटासाठी एक फूल ठेवा. जीव लावताच, आता जरा धीरही लावा.

तुमची,
कस्तुरी


(पोस्टकार्ड)
निपाणी, ५ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. कस्तुरीस अ. उ. आ.
फूल ठेवलं. दहा मिनिटांत साहेबाला काय दिसणार, डोंबल? शाळा बघायची तर दिवसभर बसावं लागतं. त्याला बसव. कसा ते तुझं तू बघ. मुलीचे केस नीट विंचर. बाकांची गोष्ट वाचून मी एकटाच हसलो, आईला दाखवायला गेलो तर ती तुळशीपाशी काही तरी लपवत होती.
आप्पा


॥ श्री ॥
बनशंकरी
१५ फेब्रुवारी १९९६

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर मी जे ओरडले त्यातलं तुम्हाला काय कळलं असेल देव जाणे. आधी रघुजीकाकांची माफी मागा. त्यांच्या तंबाखूच्या वखारीत फोन करून मी तुम्हाला जेवत्या ताटावरून बोलावून घेतलं. म्हणजे तुम्ही काल भरल्या ताटावरून उठलात, याची नोंद असावी.

आता पहिल्यापासून सांगते. साहेब सव्वादहाला आले. हातात काळी बॅग, चेहरा एरंडेल प्यायलेला. उभ्या उभ्याच म्हणाले की तीन नावं बघायची आहेत, अकराला दुसरी शाळा गाठायची आहे. शिपाई खुर्ची आणायला गेला तेवढ्यात ते पहिलीच्या बाकावर टेकले. नामग्यालच्या बाकावर! गुडघे थेट हनुवटीला. आणि कपाटामागून मोमोला प्रकट झाल्या, दोन मोठे थर्मास आणि एक किटली घेऊन.

साहेब म्हणाले की मी शाळेत काही घेत नाही. मोमोलांना ते फार सभ्य वाटलं. त्यांनी पेला भरून हातात दिला. साहेबांनी तो बाजूला ठेवला नाही, तिथेच मला कळायला हवं होतं. त्यांनी पेल्याकडे बघून खोल सुस्कारा सोडला आणि गटागटा संपवला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

गणिताचा तास होता. यांगचेन फळ्यावर पेल्यागणिक एक रेघ ओढायला लागली आणि पोरं मोठ्याने आकडा म्हणायला लागली. जूनपासून या वर्गाची गाडी दहाच्या पुढे जात नव्हती. काल सतरापर्यंत गेली. साहेब अधूनमधून उठायला बघत, पण तेवढ्यात पेला भरलेला असे. मोमोलांना त्यांच्या मनगटाशी शर्टचं बटण तुटलेलं दिसलं. त्यांनी सुईदोरा काढून एका हाताने बटण टाचायला घेतलं, दुसऱ्या हाताने चहा. नामग्यालला साहेबांचाच बाक करकरतोय असं वाटलं, म्हणून तो खाली आडवा होऊन स्क्रू पिळू लागला. ल्हामोने साहेबांची नखं बघितली आणि मी तिला डोळ्यांनी थांबवलं. अकराची दुसरी शाळा गेली, बारा वाजले, एक वाजला. साहेबांनी आमची अख्खी शाळा बघितली. नऊच्या नऊ माणसं बघितली. मोमोलांनी किती नाकं पुसली, कुणाच्या डब्यातली भाजी कुणाला भरवली, पडलेल्या पोराला कसं उचललं, सगळं.

पण सव्वा वाजता त्यांचा रंग बदलला. पाय एकमेकांत गुंतवून बसले. काय अडचण आहे ते शिपायापासून सगळ्यांना कळलं. प्रियदर्शनी मॅडमनी हळूच सुचवलं की पेला राहू द्या. यांगचेननेही रीत समजावली. साहेबांनी मान हलवली, डोळे मिटले आणि स्वतःशीच मराठीत पुटपुटले की टाकलेलं शीत उगवत नाही, नुसतं रडतं.

माझ्या हातातून पट खाली पडला. मी मराठीत विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं. ते म्हणाले, निपाणीकडच्या आप्पाजी गुरुजींनी. मी म्हटलं, मी त्यांची मुलगी. त्यांनी आदराने उभं राहायचा यत्न केला, बाकाने राहू दिलं नाही, म्हणून पेल्यासकट हात जोडले. त्यांचं नाव कृष्णात. चाळिशी उलटली तरी भरलेला पेला ठेवून उठता येत नाही, म्हणूनच कुठल्या शाळेत काही घेत नाहीत, असं रडकुंडीला येऊन सांगितलं. आप्पा, तो कडकपणा नव्हता हो, ती भीती होती! तुमची! म्हणाले, गुरुजींची परवानगी मिळाली तरच उठेन.

म्हणून मी समोरच्या एसटीडी बूथकडे धावले. त्यांचं नाव आणि त्यांची अडचण तुम्हाला ओरडून सांगितली. मी म्हटलं की आप्पा, तिन्ही पोरांची नावं त्यांच्या हातात आहेत. मग तुम्ही म्हणालात की ऊठ म्हणावं. आणि निरोप दिलात की छत्रीतलं दूध मला तेव्हाच माहीत होतं. मला काही कळलं नाही, पण निरोप तसाच पोचवला. साहेब आधी पांढरे पडले, मग लहान पोरासारखे हसले. दोन्ही हातांनी पेला भरलेलाच खाली ठेवला. नामग्यालने एका बाजूने ओढलं, शिपायाने दुसऱ्या, आणि साहेब मनगटाला सुई लोंबत असताना मैदान ओलांडून पळाले. मोमोलांनी टाळी वाजवली. म्हणाल्या की या शाळेत पहिल्यांदा एक रीतभात असलेला पाहुणा आला.

परत आल्यावर मात्र ते नावांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पट बॅगेत घातला आणि रिक्षात बसून गेले. पट नेलाय, आप्पा. पेन्सिलीच्या नावांसकट. मोमोला आज मला नेहमीसारख्या गाल चापटून गेल्या, आणि मला रडू आलं. काल मी जेवले नाही. म्हणजे बसले, पण टाकलं. सांगून टाकते.

रागवा, पण लोभ आटू देऊ नका.

तुमची,
कस्तुरी


बसवनगुडी, बेंगळूर
२० फेब्रुवारी १९९६

पूज्य गुरुजींच्या चरणी,
कृष्णात चौगुले याचा शि. सा. न. वि. वि.

पत्ता आपल्या कन्येकडून घेतला. चौतीस वर्षांनी लिहितोय, अक्षर बिघडलंय, क्षमा असावी.

गुरुजी, परदेशी पावडरीचं ते दूध शाळेत वाटायचे तेव्हा मला रोज उमासे यायचे. एके दिवशी आपण फळ्याकडे वळलात आणि मी माझा मग कोपऱ्यातल्या आपल्या छत्रीत ओतला. शाळा सुटल्यावर आपण उन्हात छत्री उघडलीत. आपण काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गाला ते शिताचं वाक्य शिकवलंत, आणि तेव्हापासून मी कुठे काही टाकलेलं नाही. पाप फेडत होतो. आपल्याला ठाऊक होतं, मग मारलं का नाही, एवढंच विचारायचं आहे.

पटाचं काम झालं. वरच्या साहेबांचा शिक्का लागतो म्हणून तो सोबत नेला होता, ताईंना तेव्हाच सांगायला हवं होतं, पण त्या वेळी मला बोलायचीही लाज वाटत होती. तिन्ही नावं शाईने लिहिली आहेत. काळ्या शाईने, माझ्या हाताने. घरी जबाबदार माणूस आहे का, या रकान्यात मी लिहिलंय की आहे, सतरा पेले तपासून खात्री केली. वरचे साहेब विचारत होते की पेले हे कुठलं माप. मी म्हटलं, जुनं माप आहे.

त्या आजींनी निरोप धाडलाय की माझा पेला शाळेच्या कपाटात भरून ठेवला आहे, म्हणजे मला पुन्हा यावंच लागणार. जूनमध्ये जाईन. यापुढे शाळांत दहा मिनिटं उभं राहायचं नाही, बसायचं, असं ठरवलंय. खुर्चीवर.

पाठीवर हात असू द्यावा.

आपला विद्यार्थी,
कृष्णात


॥ श्री ॥
निपाणी
२७ मे १९९६

चि. सौ. कस्तुरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सकाळच्या एसटीने तुम्ही गेलात आणि घर एकदम रिकामं झालं. महिनाभर अद्वैत माझ्यामागे तांब्या घेऊन फिरत होता, आज माझं पाणी मलाच घ्यावं लागलं. मोमोलाबाईंनी विणून धाडलेलं लोकरीचं बनियन घालून बसलोय. मे महिना आहे, घामाच्या धारा लागल्यात, पण कुणी जीव लावून दिलेलं टाकायचं नाही. त्या यांगचेनने लिहिलेली मराठी सहीही पोचली. शाईने लिहिलीय, बघून बरं वाटलं.

कृष्णातला मी कधीच उत्तर पाठवलं. त्याने विचारलं होतं, मारलं का नाही. तुलाही सांगतो. छत्री धुण्याआधी मी त्यातलं दूध बोटाने चाखून बघितलं. तोवर मी ते पोरांना रोज पाजत होतो, स्वतः एकदाही प्यालो नव्हतो. भयंकर होतं. पण मी मुख्याध्यापक, कबूल कसं करणार? म्हणून दुसऱ्या दिवशी ते वाक्य केलं आणि पोरांच्या माथी मारलं. पुढे तुझ्याही. कारल्याच्या दिवशी तू मला म्हणाली होतीस की आप्पा, तुम्ही वाईट आहात. त्या दिवशी होतो, बाळ. ते दिवेलागणीपर्यंत बसवणं चुकलंच माझं.

आणि पालकांना फाटकाबाहेर ठेवलं, तेही चुकलं. बैल शोधायला आलेल्या माणसाला मी वर्गात बसवून घेतलं असतं, तर त्याचा पोरगा पुढे शाळेत टिकला असता असं आता वाटतं.

आता काल काय झालं ते ऐक. एसटी सुटून धुरळा बसल्यावर मी घरी आलो, तर ओसरीवर तुझा कप. काठोकाठ भरलेला, घोटही न घेतलेला. आधी माझं डोकं फिरलं. परवानगी मी कृष्णातला दिली होती, तुला नव्हे. मग माझ्या लक्षात आलं आणि मी तिथेच पायरीवर बसलो. तुझी आई कप उचलून तुळशीकडे निघाली. मी तिला म्हटलं, ठेव तो खाली, आणि तुळशीचं मला सगळं माहीत आहे. ती गारच पडली.

दुपारी मुंग्या आल्या. मी खडूने कपाभोवती गोल काढला. संध्याकाळी रघुजी आला, त्याने विचारलं की हा भरला कप कुणाचा, आणि तुमच्या घरात टाकतात कधीपासून. मी सांगितलं की टाकलेला नाही, माझ्या मुलीचा आहे, ती परत यायची आहे.

दिवाळीची वाट बघतोय. जमलं तर त्याआधीच ये, कपावर साय धरली आहे.

तुझा,
आप्पा